जनाचा गुडघा

जना गेल्याचं कळलं तेव्हा मी न्हाव्याच्या खुर्चीत होतो आणि माझी दाढी अर्धीच झाली होती. भाईंदर पूर्वेला आमच्या नाक्यावरचं दुकान, वीस वर्षं मी त्याच्याकडेच जातो. सून धावत आली, पण आत काही आली नाही. पायरीवरच उभी राहिली आणि म्हणाली, "अप्पा, जनाकाका गेले." मी उठलो. न्हावी म्हणाला, "चाचा, आधा बाकी है." मी म्हटलं, राहू दे. उजवा गाल गुळगुळीत, डाव्या गालावर साबण, खांद्यावर त्याचाच टॉवेल, असा मी तीन गल्ल्या चालत जनाच्या घरी गेलो. तो खिडकीपाशी खुर्चीत बसून चहाची वाट बघत होता म्हणे. चहा येईपर्यंत थांबला नाही. एवढी घाई त्याला आयुष्यात कधी नव्हती. त्याची बायको, आमच्या सुमनवहिनी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता हुंदका येणार, तर म्हणाल्या, "भावजी, साबण पुसा आधी. हे असते तर हसून हसून मेले असते…" आणि मग आम्हा दोघांनाही रडू आलं.

ह्याला आता दीड महिना झाला. तेराव्याच्या आधी आमच्या गावच्या वाडीच्या मंडळाने शोकसभा घेतली तेव्हा मला बोलायला उभं केलं होतं. मी उभा राहिलो, घसा खाकरला आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला दुःख आवरलं नाही. दुःख होतंच, पण घशात अडकलं होतं ते दुसरंच. म्हणून हे लिहितोय. मी चौथी शिकलोय, ऱ्हस्व-दीर्घ माझं मला कळत नाही. ते पेपरच्या पुरवणीवाल्यांनी सुधारावं, वाक्यं मात्र बदलू नयेत. भाईंदरपासून मीरा रोडपर्यंत बांधकामावरची सगळी माणसं जनाला 'गुडघेकाका' म्हणायची. भित्रा, गुडघ्याचं निमित्त सांगून परांचीच्या कामातून अंग काढून घेतलेला म्हातारा, असा त्या नावाचा अर्थ. पाच-सहा वर्षं त्याने ते नाव मिरवलं आणि ते घेऊनच तो गेला. तो गेल्यावर त्या गुडघ्याची खरी हकीकत जगात आम्हा तिघांनाच माहीत होती. ती चारचौघांत सांगायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नव्हतं. जना चांगला होता, हसरा होता, हे काय कुणीही लिहील.

आमची रत्नागिरीतली वाडी एकच, शाळा एकच, आणि शाळा सोडली तीही एकाच दिवशी. बरीच वर्षं गावातच शेतावर राबलो. मुंबईला जनाचा मामा परांची बांधायचा, तिशीच्या आसपास त्याच्याकडे आम्ही दोघं आलो. इमारतीला गिलावा करायचा, रंग द्यायचा, तर आधी बाहेरून बांबूंचा सांगाडा उभा करावा लागतो, ती परांची. आता लोखंडी नळ्या आल्या, आमच्या वेळी सगळा खेळ बांबू आणि काथ्याच्या दोरीचा. दोरी पाण्यात भिजवून बांधायची, वाळली की गाठ आपोआप आवळते. हे काम जोडीने होतं. एक वरचा, एक खालचा. वरचा चढतो आणि बांधतो, खालचा बांबू देतो, बुंधा धरतो आणि वरच्यावरची नजर काढत नाही. मी वरचा, जना खालचा. तीस वर्षं आमची जोडी फुटली नाही. भाईंदरला जागा परवडतात असं कळलं तेव्हा आम्ही इकडे आलो तेही एकाच महिन्यात. इथल्या पहिल्या उंच इमारतीच्या परांचीवर मी चढलो आणि वरून मिठागरं बघितली, तर कुणीतरी पापड वाळत घातल्यासारखी दिसली. खाली ओरडून जनाला सांगितलं. तो खालून ओरडला, "एखादा उचलून आण, भाजून खाऊ."

ह्या धंद्यात मामाने घालून दिलेला एक नियम होता आणि तो आमच्यातले सगळे पाळायचे. जोडीतल्या कुणीही सकाळी "आज नाही" म्हटलं की त्या दिवशी ती जोडी चढत नाही, आणि कारण कुणी विचारत नाही. बायकोशी भांडण झालेलं असेल, आदल्या दिवशीची उतरली नसेल, नुसतं मन लागत नसेल… ज्याचं त्याला ठाऊक. विचारायला लागलं तर माणूस लाजेने खोटं बोलेल आणि लाजेने चढेल, आणि लाजेने चढलेला माणूस पडतो, असं मामा म्हणायचा. जना हा नियम मजेत वापरायचा. कुणी विचारायच्या आत स्वतःच कारण सांगायचा. एकदा शेजारणीचा पोपट मेला म्हणून. एकदा क्रिकेटची मॅच होती म्हणून. एकदा म्हणाला, रात्री स्वप्नात मामा आला आणि म्हणाला, आज घरी बस. आमचा कंत्राटदार शेठ कपाळाला हात लावायचा. आणि मी? तीस वर्षांत मी एकदाही "आज नाही" म्हटलं नव्हतं. तापात चढलो, बाप गेल्याची तार आली त्या दिवशी दुपारपर्यंत बांधत होतो आणि मग गाडी पकडली. हे मी लोकांना स्वतःहून सांगायचो. कौतुकाने सांगायचो, खोटं कशाला बोलू.

नगरपालिकेची महानगरपालिका झाली त्याच्या आसपासची गोष्ट. दोघंही साठीला टेकलो होतो, पण नव्या पोरांना लाजवेल असं काम होतं. मीरा रोडला एका सात मजली इमारतीला रंग द्यायचा होता. एका सकाळी मी अंथरुणात डाव्या कुशीवर वळलो आणि खोली फिरली. फिरली म्हणजे, पंखा बंद होता आणि त्याच्याभोवती छप्पर फिरत होतं. कपाट, कॅलेंडर, देवाचा फोटो, सगळं एका बाजूने येतंय आणि दुसऱ्या बाजूने जातंय. मी गादी दोन्ही हातांनी धरून ठेवली, जशी काही गादीच पडणार होती. अर्ध्या मिनिटात थांबलं. मी उठून बसलो, तोंड धुतलं, चहा प्यायलो, काही नाही. म्हटलं, कालच्या जेवणातले सोडे बाधले. दुसऱ्या सकाळी तेच, तिसऱ्या सकाळी तेच. मग कळलं की डोकं मागे टाकून वर बघितलं तरी तसंच होतं. आता परांचीवाल्याचं सगळं काम डोक्याच्या वर. हात वर, मान वर, गाठ वर. बाकी शरीर कसं टुणटुणीत. दोन माणसांचा भात जेवत होतो.

मी कुणाला सांगितलं नाही. माझे बाबा खळ्यात असेच चक्कर येऊन पडले होते ते उठले नाहीत, त्यामुळे मला काय झालंय ते मी मनाशी ठरवून टाकलं होतं. ते ऐकायला डॉक्टरकडे कशाला जायचं? मी माझे उपाय सुरू केले. आलेपाक खाल्ला. लिंबू-साखर घेतलं. मनगटाला काळा दोरा बांधला आणि वर घड्याळ घातलं म्हणजे दिसणार नाही. खाटेवरची उशी दुसऱ्या टोकाला नेली, तर बायको म्हणाली, दक्षिणेला पाय करून झोपायचं हे नवीन कुठून काढलंत? मग मी खुर्चीतच झोपायला लागलो. तिला सांगितलं, गरम होतं. जानेवारी महिना होता. ती काही बोलली नाही. आमच्या हिच्या न बोलण्याला मी नेहमी अडाणीपणा समजत आलो, ही माझी आणखी एक चूक.

परांचीवर मी युक्ती काढली होती. मान वर करायची वेळ आली की आधी कोपराने बांबू कवटाळायचा, डोळे मिटायचे, गाठ हाताने चाचपून मारायची. एक दिवस चौथ्या मजल्यावर युक्ती चुकली. वरून रंगारी अशोकने हाक मारली, "श्रीपतकाका, बघा जरा," आणि मी पटकन बघितलं. सगळी इमारत माझ्यावर कलंडली. मी बांबूला दोन्ही हात, दोन्ही पाय घालून मिठी मारली आणि तसाच राहिलो. थांबल्यावर डोळे उघडले. अशोक दुसरीकडे बघत होता. खाली बघितलं, तर जना बुंधा धरून उभा होता, नेहमीसारखा. मी मनात म्हटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जना म्हणाला, "आज नाही." मला बरं वाटलं. त्याच्यापुढच्या दिवशी पुन्हा "आज नाही", आणि ह्या वेळी त्याने पोपटाबिपटाचं काही सांगितलं नाही. नुसता गुडघा चोळत बसला. तिसरा दिवस, चौथा दिवस… असं करत दोन आठवडे. मला तर देवच पावल्यासारखं झालं होतं. जोडी चढत नाही म्हणजे मी चढत नाही, आणि बोल लागतो तो जनाला. शेठ येऊन म्हणायचा, "जनार्दन, ऐसे कैसे चलेगा? ये बिल्डिंग है की तेरा ससुराल?" अशोकने एका दुपारी डबा खाताना 'गुडघेकाका' हे नाव काढलं आणि सगळे हसले. मीही हसलो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला भीती वाटली, कुणाला शंका तर येणार नाही ना, श्रीपत कसा गप्प बसलाय? म्हणून मी सगळ्यांच्या देखत, तीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं ते विचारलं. म्हटलं, "जना, कारण सांग. रोज रोज आज नाही, आज नाही, कारण काय?" त्याने माझ्याकडे बघितलं. चांगलं दोन घास खाऊन होतील एवढा वेळ बघितलं. मग म्हणाला, "गुडघा रे. म्हातारा झालो." मी म्हटलं, मग गावाला जाऊन कोंबड्या पाळ. तो म्हणाला, "कोंबडे इथेच काय कमी आहेत?" पुन्हा सगळे हसले.

त्याच आठवड्यात तो संध्याकाळी आमच्या घरी आला. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, आम्ही चौथ्या मजल्यावर. तो गेल्यावर बायको म्हणाली, "गुडघा दुखतोय म्हणे भावजींचा. चार जिने चढून आले, धापसुद्धा लागली नाही." मी म्हटलं, तुला काय कळतंय. खरं म्हणजे तो आला होता ते मला एक विनंती करायला. बाहेर गॅलरीत नेऊन हळूच म्हणाला, शिरपा, मला हल्ली चक्कर येते, सुमनला सांगू नकोस, ती घाबरेल, उद्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे चल. मेडिकलवाल्याने सांगितलंय म्हणे, कूस बदलताना खोली फिरत असेल तर कानाच्या डॉक्टरला दाखवा. ऐकून मला चक्क आनंद झाला. त्याला माझाच आजार झालाय! म्हणजे काय आहे ते मला फुकटात कळेल आणि तोंडही उघडायला नको. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे.

डॉक्टरीणबाई आमच्या मुलीपेक्षा लहान दिसत होत्या. जनाने सगळं सांगितलं. डाव्या कुशीला वळलं की फिरतं. वर बघितलं की फिरतं. अर्धा मिनिट राहतं. खुर्चीत झोपलं की होत नाही. मी ऐकत होतो आणि मान डोलावत होतो. अगदी बरोबर, अगदी असंच. डाव्याच कुशीला, बघा. बाईंनी त्याला टेबलावर बसवलं, त्याची मान डावीकडे वळवली आणि झटकन मागे निजवलं, डोकं टेबलाच्या कडेच्या खाली लोंबेल असं. मग त्याच्या डोळ्यांत वाकून बघत राहिल्या. काही नाही. उजवीकडे वळवून पुन्हा निजवलं. काही नाही. म्हणाल्या, "आजोबा, तुमचे दोन्ही कान ठणठणीत आहेत. चक्कर नक्की कुणाला येते?" जनाने, डोकं उलटं लोंबकळत असताना, हात लांब करून माझ्याकडे बोट दाखवलं. "त्याला. तो सांगणार नाही, म्हणून मी आलो."

मला इतका राग आला की मी उठलो आणि दाराकडे निघालो. चपला शोधायला खाली वाकलो, पुन्हा वर बघितलं, आणि दारच फिरायला लागलं. मी चौकटीला धरून उभा राहिलो. जना टेबलावरून उतरून माझ्यामागे आला. आयुष्यभर तो थट्टेशिवाय बोलला नाही, पण तेव्हा बोलला.

"शिरपा, तुझ्या बायकोनं तुझं तोंड बघितलं असेल. मी तीस वर्षं खाली उभा राहून तुझे तळपाय बघतोय. ते कधी हलले नाहीत. त्या दिवशी चौथ्या मजल्यावर हलले. मला ते पुन्हा बघायचे नाहीत."

मी म्हटलं, "आणि तुझा गुडघा?"

"गुडघ्याला काय झालंय? चांगला आहे."

मी टेबलावर जाऊन बसलो. बाईंनी माझी मान डावीकडे केली आणि मला मागे टाकलं… काय सांगू! दवाखाना, बाई, जना, भिंतीवरचं कानाचं मोठं चित्र, सगळं जत्रेतल्या पाळण्यासारखं. मी हाताला आलं ते धरलं, तो जनाचा शर्ट होता, त्याचा खिसा फाटून माझ्या मुठीत आला. बाई शांतपणे म्हणत होत्या, येऊ दे, येऊ दे, जाईल आता. गेलं. मग त्यांनी मान उजवीकडे वळवली, थांबल्या. मग मला उजव्या कुशीवर घेऊन नाक जमिनीकडे करायला लावलं, थांबल्या. मग उठवून बसवलं. म्हणाल्या, झालं. मी म्हटलं, काय झालं? तर त्यांनी समजावलं की कानाच्या आत पाण्याच्या बारीक नळ्या असतात, आपण सरळ आहोत की वाकडे ते त्या मेंदूला सांगतात. शेजारीच चुन्यासारखे अगदी बारीक खडे असतात. वय झालं की कधी कधी ते जागा सोडून नळीत शिरतात. डोकं वळलं की खडे घरंगळतात आणि नळी मेंदूला सांगते, तू फिरतोयस. मान अशी वळवून वळवून त्यांनी ते खडे पुन्हा जागेवर नेले होते. जना म्हणाला, "म्हणजे गवंड्याच्या पाणसळीत, त्या पातळी बघायच्या नळीत, कचरा गेला, म्हणून भिंत वाकडी दिसत होती. भिंत चांगली आहे." बाईंनी ती उपमा वहीत लिहून घेतली, दुसऱ्या पेशंटांना सांगायला.

आता मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण मला अपमान वाटला. एक महिना मी मरणाची तयारी केली होती. गावचं घर कुणाला द्यायचं तेही मनात ठरवलं होतं. आणि निघालं काय, तर खडे! तेसुद्धा डोळ्यांना न दिसणारे. स्टेशनपर्यंत जना हसत आला. फाटक्या खिशात हात घालून हसत होता. खुर्चीत झोपायचं त्याला कसं कळलं, हे मी विचारलं, तेव्हा म्हणाला, तुझी बायको जानेवारीत तुला गरम होतंय हे ऐकून गप्प बसली, ती तुला घाबरून नाही. दुसऱ्या दिवशी सरळ सुमनकडे आली आणि डाव्या कुशीला वळून तू गादी धरतोस तेही सांगून गेली. म्हणजे दोन्ही बायका, जना, सगळ्यांनी मिळून कट केला होता. एक मीच काय तो हुशार.

बाईंनी सांगितलं होतं, काही आठवडे उंचावर चढायचं नाही, पुन्हा दाखवायला यायचं. म्हणजे दुसऱ्या सकाळी "आज नाही" म्हणायचं होतं आणि ते आता माझं मी म्हणायचं होतं. मी रात्रभर तयारी केली. ठरवलं, सगळ्यांच्या देखत म्हणायचं, आज नाही, आणि इतके दिवस जे झालं तेही माझ्यामुळे, जनाचा गुडघा शाबूत आहे. सकाळी साइटवर पोचलो. शेठ होता, अशोक होता, सात-आठ माणसं होती. अशोक म्हणाला, "काय गुडघेकाका, आज पण का?" मी तोंड उघडलं. शब्द ओठांवर आला होता, खोटं नाही सांगत. पण तिथे सगळे माझ्याकडे ज्या नजरेने बघायचे, त्या नजरेची मला सवय झाली होती. मी तोंड मिटलं. जनाने एक क्षण वाट बघितली. मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "आज पण रे बाबा." मी तसाच उभा राहिलो. परांचीवरून पडलो असतो तर एवढा खाली आलो नसतो.

शेठने ती इमारत दुसऱ्या जोडीला दिली आणि आम्हाला खालच्या कामावर ठेवलं, बांबू मोजायचे, काथ्या भिजवायचा. पुढे मी बरा झालो, दोन-चार वेळा चढलोही. लोक म्हणायचे, श्रीपतकाका बघा, अजून चढतात, आणि ते जनाकाका बघा. जना बादलीत काथ्या बुडवत बसलेला असायचा आणि मला डोळा मारायचा. मी एकदा त्याला म्हटलं, सांगून टाकतो सगळ्यांना. तो म्हणाला, "सांग की. पण घाई नको करू, मला सध्या त्या नावावर चहा फुकट मिळतोय." खरंच मिळायचा. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला कोण उठवणार? आम्ही रविवारी बसने समुद्राकाठच्या चौक गावाला सुके बोंबील आणायला जायचो, तर कंडक्टरसुद्धा ओळखीचा झालेला. म्हणायचा, गुडघेकाकांना जागा द्या. जना बसायचा आणि मी उभा! अशी त्याने माझ्यावर भरपूर वसुली केली. पण मी सांगितलं नाही ते नाहीच. आज सांगू, उद्या सांगू… आणि मग न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीवर सून उभी.

तेराव्याच्या गोडाच्या जेवणाला जनाच्या घरी सगळी जुनी माणसं आली होती. अशोक आता स्वतः रंगकामाची कंत्राटं घेतो, तोही आला होता. फोटोला हार घातलेला, पानं वाढलेली. बोलता बोलता अशोक म्हणाला, "गुडघा होता म्हणून, नाहीतर जनाकाका हाडाचे परांचीवाले." चांगल्या मनानेच म्हणाला. पण माझा घास तिथेच राहिला. मी समोर बघितलं, वहिनी वाढायची वाटी घेऊन उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. जनाने मला कधी असं बघून अडचणीत आणलं नव्हतं. त्याच्यावर हवाला ठेवून मी पाच-सहा वर्षं काढली होती. आता गुडघ्यावर हात ठेवून "आज पण" म्हणायला तिथे कुणी नव्हतं. मी पानावरूनच म्हटलं, "त्याच्या गुडघ्याला काही नव्हतं. चक्कर मला यायची. मी भ्यायलो होतो, सांगायला लाजत होतो. तो मला वाचवायला खाली बसला आणि मी त्याला तुमच्यासमोर कारण विचारलं." मग चौथा मजला, दवाखाना, खिसा, सगळं सांगितलं. भात निवला.

मग अशोक म्हणाला, "म्हणजे आम्ही इतकी वर्षं चुकीच्या माणसाला चिडवलं?"

"होय."

"मग आता तुम्हाला काय म्हणायचं?"

मी म्हटलं, जे म्हणायचं असेल ते म्हण, पण त्याच्या फोटोसमोर म्हण, मोठ्याने. अशोकने हात धुतले, फोटोपुढे जाऊन उभा राहिला, डोकं खाजवलं, आणि म्हणाला, "खडेकाका." पहिल्या हसल्या त्या वहिनी. हातातली वाटी खाली ठेवून हसल्या. तेराव्याच्या पंगतीत एवढं हसणं भाईंदरमध्ये कुणी ऐकलं नसेल, शेजारचे दार उघडून बघायला आले. आता नाक्यावर पोरंटोरंसुद्धा मला खडेकाका म्हणतात. मी ओ देतो. न्हाव्याला तर फार आवडलंय, त्याला वाटतं हे आमचं आडनाव आहे.

एक सांगायचं राहिलं. हे खडे वर्ष-सहा महिन्यांनी पुन्हा जागा सोडतात. बाईंनी मान वळवायची ती रीत आम्हाला शिकवून ठेवली होती. आमची खाट भिंतीत अडकलेली, डोकं लोंबकळायला जागाच नाही, म्हणून मी जनाच्या घरी जायचो. त्याच्या खाटेवर आडवा व्हायचो, तो माझं डोकं धरायचा आणि प्रत्येक वळणाला तीस आकडे मोजायचा. मोजायचा कसला… चार, पाच, तुला सांगितलं का शिरपा, सहा, त्या तळमजल्यावाल्याची मांजर व्यायली, सात, पाच पिल्लं, त्यातलं एक अगदी आपल्या शेठसारखं दिसतं, आठ. तीस व्हायला तीन मिनिटं लागायची. मी उलटा लोंबकळत शिव्या द्यायचो. पण तोवर खडे मुकाट्याने घरी गेलेले असायचे.

गेल्या मंगळवारी सकाळी खोली पुन्हा फिरली. बायकोला हाक मारून सांगितलं, आधी तिलाच सांगितलं, आणि दोघं मिळून वहिनींकडे गेलो. दार उघडल्याबरोबर म्हटलं, वहिनी, मला चक्कर येतेय, जनाच्या खाटेवर जरा आडवा होतो. बायकोने डोकं धरलं. वहिनी उशाशी स्टूल घेऊन बसल्या आणि मोजायला लागल्या. वहिनी सातवी शिकलेल्या, आकडे कसे अगदी टपाटप. एक, दोन, तीन, चार… तीस. मान वळवा. पुन्हा एक, दोन, तीन. छप्पर काही थांबेना. मी म्हटलं, वहिनी, हे बरोबर नाही होत. मध्ये मध्ये काहीतरी बोला.

त्या म्हणाल्या, काय बोलू?

मी म्हटलं, काहीही. बाजारातलं बोला.

वहिनींनी स्टूल जवळ ओढलं. मग पहिल्यापासून सुरुवात केली. "एक, दोन, तीन… काल चौकवाली कोळीण आली होती भावजी, सुके बोंबील घेऊन. चार. मी म्हटलं, बाई, ओले आहेत गं तुझे, पाच, तर मला म्हणते, काकांनी कधी असं म्हटलं नव्हतं. सहा…"